पहाटे साडेपाचचा निकाल: अमेरिकेतल्या ‘अर्ली’ अर्जाचं उत्तर येतं तेव्हा

डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडच्या काही घरांत पहाटे पाचलाच दिवे लागतात. अमेरिकेतली नावाजलेली कॉलेजं ‘अर्ली’ फेरीचे, म्हणजे नोव्हेंबरात लवकर केलेल्या अर्जांचे, निकाल बऱ्याचदा तिथल्या संध्याकाळी सातच्या सुमाराला पोर्टलवर टाकतात. हिवाळ्यात आपण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या साडेदहा तास पुढे असतो, त्यामुळे पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

काही वर्षांपूर्वी माझी भाची अशाच एका पहाटे माझ्या स्वयंपाकघरात शाल पांघरून बसली होती. सांगलीहून ती बारावीसाठी आमच्याकडे राहायला आली होती. लॅपटॉप ओट्यावर, मी चहा टाकलेला. पत्र उघडलं, तिने दोन ओळी वाचल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तेवढ्यात तिच्या बाबांचा फोन आला.

“काय झालं?”

“डिफर केलंय.”

“म्हणजे नाही म्हणाले?”

“नाही म्हणाले नाहीत, बाबा.”

“मग हो म्हणाले?”

“होसुद्धा म्हणाले नाहीत.”

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. डिफर म्हणजे निर्णय पुढच्या, नेहमीच्या फेरीवर ढकलणं. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच पुढे काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यानंतर दरवर्षी ओळखीतली दोन-चार मुलं अर्जांचे निबंध घेऊन माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगते: निकालानंतर काय करायचं ते निकालाच्या आधी ठरवून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याच तपशिलाचं आहे. पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहिते आहे.

आधी बघा, तुम्ही नेमकी कशावर सही केली आहे

‘अर्ली’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. निकालानंतरचे तुमचे हक्क आणि बंधनं त्यावरच ठरतात, म्हणून इथे गोंधळ नको.

अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकी. होकार आला तर तिथेच जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर नसतोच, तेव्हा ती सही बहुधा प्राचार्यांची असते. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेन्सिल्व्हेनिया ही या पद्धतीची.

अर्ली अ‍ॅक्शनमध्ये उत्तर लवकर मिळतं, पण बांधिलकी नसते. होकार आला तरी १ मेपर्यंत विचार करता येतो.

तिसरा प्रकार रिस्ट्रिक्टिव्ह किंवा सिंगल चॉइस अर्ली अ‍ॅक्शन. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांची ही पद्धत. इथेही बांधिलकी नाही, मात्र त्याच वेळी दुसऱ्या खासगी अमेरिकी कॉलेजात अर्ली अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठं आणि अमेरिकेबाहेरची विद्यापीठं यांना साधारणपणे सूट असते.

अर्ली फेरीच्या टक्केवारीने फार हुरळून जाऊ नका. २०२३ च्या डिसेंबरात हार्वर्डकडे ७,९२१ अर्ली अर्ज आले, त्यातले ६९२ घेतले. येलकडे ७,८५६ आले, ७०९ घेतले. दोन्हीकडे दर शंभरातले नऊच्या आसपास. नेहमीच्या फेरीपेक्षा हा आकडा बराच मोठा दिसतो, पण या नऊ जणांत कॉलेजच्या संघांसाठी आधीच हेरलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात. साताऱ्याहून अर्ज करणाऱ्या मुलीला तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. हे आधी समजलं असेल तर नकाराचा अर्थ लावताना तुम्ही स्वतःवर अन्याय करणार नाही.

निकालाच्या आधीचे पंधरा दिवस

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे आणि नेमका तोच सगळे वाया घालवतात.

१ नोव्हेंबरला अर्ली अर्ज गेला की मुलं हुश्श करतात. बाकीच्या कॉलेजांचे निबंध ‘निकाल बघून लिहू’ म्हणून मागे पडतात. नेहमीच्या फेरीच्या तारखा बहुतेक ठिकाणी १ ते ५ जानेवारी. निकाल १५ डिसेंबरच्या आगेमागे. मधे उरतात पंधरा-सोळा दिवस, त्यात प्रिलिम, सबमिशन, नाताळची सुट्टी, आणि मन थाऱ्यावर नसलेलं. माझ्या भाचीने त्या पंधरवड्यात सहा कॉलेजांचे निबंध लिहिले. मी ते नंतर वाचले. ‘आमचंच कॉलेज का?’ या प्रश्नाच्या एका उत्तरात दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहून गेलं होतं. नोव्हेंबरात लिहिलेल्या निबंधात ती होती. डिसेंबरअखेरच्या निबंधांत फक्त थकवा होता.

म्हणून १० डिसेंबरपर्यंत किमान चार कॉलेजांचे निबंध पूर्ण लिहून ठेवा. पाठवायची घाई नाही, फक्त तयार असू देत. होकार आला तर ते वाया जातील, आणि त्यांचं वाईट कोणालाच वाटणार नाही.

हातात एक तरी होकार असावा, याचीही सोय आधीच करा. अ‍ॅरिझोना स्टेटसारखी काही विद्यापीठं अर्ज येतील तसतशी उत्तरं देतात. ऑक्टोबरात अर्ज केला असेल तर डिसेंबरपर्यंत कुठूनतरी ‘या’ असं पत्र आलेलं असतं. ते कॉलेज तुमच्या यादीत शेवटचं का असेना, त्या पहाटे त्या पत्राचा फार आधार वाटतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचं मात्र लक्षात ठेवा. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो या सगळ्यांच्या अर्जाची मुदत नोव्हेंबर संपता संपताच सरते. अर्ली निकाल बघून तिकडे वळू म्हणाल तर दार बंद झालेलं असतं.

कागदपत्रांचं काम २० डिसेंबरच्या आत उरका. आपल्याकडच्या अनेक शाळा-कॉलेजांना २४ तारखेच्या सुमाराला नाताळची सुट्टी लागते आणि अमेरिकेतली प्रवेश कार्यालयंही नवीन वर्षापर्यंत बंद असतात. गुणपत्रकाची शिक्का मारलेली प्रत, सरांचं शिफारसपत्र, प्राचार्यांची सही यातलं काही राहिलं असेल तर कॉलेजच्या ऑफिसात स्वतः जाऊन उभं राहा. क्लार्ककाकांना नीट समजावून सांगितलं तर ते मदत करतात, पण सुट्टीत ते त्यांच्या गावी असतात.

त्या पहाटे

निकाल ईमेलमध्ये नसतो. ‘तुमच्या पोर्टलवर बदल झाला आहे’ एवढंच ईमेल सांगतो. पासवर्ड चालतो ना, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. ठरलेल्या मिनिटाला हजारो मुलं एकदम आत शिरतात, तेव्हा पान उघडायला वेळ लागला तर घाबरू नका.

पत्र कोणासमोर उघडायचं हे तुमचं तुम्ही ठरवा आणि घरच्यांना आदल्या रात्री स्पष्ट सांगा. एकट्याने उघडायचं असेल तर एकट्याने. उघडतानाचा व्हिडिओ करायची हल्ली पद्धत पडली आहे. माझं ऐकाल तर करू नका. नकार आला तर रडायलाही मोकळीक राहत नाही, कारण समोर भावाने फोन धरलेला असतो.

पहाटेच उघडायला हवं असंही नाही. त्या दिवशी प्रिलिमचा पेपर असेल तर पेपर देऊन या, जेवा, मग बघा. पत्र कुठे जात नाही.

उघडल्यावर पूर्ण वाचा. पहिल्या वाक्यावरूनच निकाल कळतो, त्यामुळे पुढचं कोणी वाचत नाही. पण डिफर झालं असेल तर पुढे काय पाठवायचं, कधीपर्यंत, कुठे, हे त्याच पत्रात खाली लिहिलेलं असतं. पत्राचा पीडीएफ काढून ठेवा.

पहिले दोन दिवस

नकार आला असेल तर या दोन दिवसांत निबंध लिहू नका, यादी बदलू नका, कॉलेजला ईमेल तर मुळीच पाठवू नका. रागाने किंवा अजिजीने लिहिलेला ईमेल परत घेता येत नाही. मी पाहिलं आहे, मुलं सकाळी सात वाजता ‘माझ्यात काय कमी होतं ते कृपया कळवा’ असं पाठवून मोकळी होतात. त्याचं उत्तर येत नाही, किंवा साच्यातलं येतं, आणि मग तेच पुन्हा टोचत राहतं.

झोपा, जेवा, बाहेर पडा. टेकडीवर जा, मित्राबरोबर वडापाव खा, जे नेहमी करता ते करा. ज्यांना होकार आले त्यांचे स्टेटस दोन दिवस बंद ठेवले तरी चालतं. एखाद्या मैत्रिणीला त्याच कॉलेजातून होकार आला आणि तुम्हाला नाही, असं झालं तर ‘अभिनंदन’ एवढा एक शब्द पाठवून फोन बाजूला ठेवा. त्याहून जास्त त्या दिवशी कोणी अपेक्षा करू नये, तुम्हीही स्वतःकडून करू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. झोप उडाली, जेवण जाईना, ‘आता कशालाच अर्थ नाही’ असं वाटू लागलं, तर दोन दिवस वाट बघत बसू नका. घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करायला खूप मोठं कारण लागत नाही.

‘नाही’ आलं असेल तर

त्या कॉलेजचा या वर्षीचा विषय संपला. अर्ली फेरीत नकार मिळाला की त्याच वर्षी नेहमीच्या फेरीत पुन्हा अर्ज करता येत नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण नकाराचा एक फायदा डिफर झालेल्यांना मिळत नाही: तुमचं मन त्या कॉलेजपासून सुटतं.

तिसऱ्या दिवशी यादी समोर घ्या आणि एकच प्रश्न विचारा: यातली किती कॉलेजं शंभरातल्या दहापेक्षा कमी मुलांना घेतात? सगळीच असतील तर यादी चुकली आहे. कॉमन अ‍ॅपवर (एकाच ठिकाणी भरून अनेक कॉलेजांना पाठवायचा सामाईक अर्ज) २० कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतो, म्हणून वीसही अतिअवघड कॉलेजं भरायची, हा उपाय नव्हे. निवडीचे निकष सगळीकडे साधारण सारखेच असतात. वीस ठिकाणी तोच अर्ज पाठवून नशीब वीसपट होत नाही. चार अवघड, चार जमण्याजोगी, दोन खात्रीची असा काहीतरी मेळ बसवा.

निबंध वाईट होता का, हे तपासायला एकाच माणसाला द्या, तेही तुम्हाला ओळखणाऱ्या. पाच जणांना दिलात तर पाच दिशांनी ओढाताण होईल. बहुतेक वेळा निबंध फार बदलावा लागत नाही. माझा अनुभव असा आहे की नकारानंतर मुलं आपला चांगला निबंध फाडतात आणि दुसऱ्या कोणाचातरी वाटेल असा लिहितात.

दुसऱ्या अर्ली डिसिजनचा मार्ग इथे उघडतो. शिकागो, जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट, टफ्ट्स अशा अनेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला मुदत असलेली दुसरी बांधिलकीची फेरी असते आणि तिचा निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर लागतो. पण ‘कुठेतरी घुसायचंच’ या भरात तिथे सही करू नका. त्या कॉलेजबद्दल तुम्हाला नोव्हेंबरातही ओढ वाटत होती का? नसेल तर साध्या फेरीत अर्ज करा.

पैशांचा प्रश्न इथेच येतो. या कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या घरात गेला आहे. बांधिलकीच्या फेरीत होकार आला की इतर कॉलेजांच्या आर्थिक मदतीशी तुलना करायची संधी राहत नाही. मागितलेली मदत न मिळाल्याने शिकणंच शक्य नसेल, तर त्या करारातून सुटता येतं, हे खरं आहे. पण ‘दुसरीकडे जास्त मिळालं असतं’ हे कारण चालत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट यांसारखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांचा निर्णय घेतानाही त्यांनी मदत मागितली आहे की नाही हे बघत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणी ते बघितलं जातं. म्हणून काही घरं ‘या वर्षी मदत मागूच नका, पुढच्या वर्षी बघू’ असं ठरवतात. हे फार धोक्याचं आहे. पहिल्या वर्षी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर ती मागताच येत नाही, असा नियम अनेक कॉलेजांत आहे. चार वर्षांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय मदतीचा रकाना भरू नका.

‘डिफर’ आलं असेल तर

डिफर म्हणजे तुमचा अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा वाचला जाईल. बांधिलकीच्या फेरीतून डिफर झालात तर बांधिलकी तिथेच संपते. मार्चमध्ये होकार आला तरी जायचं की नाही हे तुमच्या हातात राहतं. ही गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते.

डिफरचं वजन मात्र प्रत्येक कॉलेजात वेगळं. त्याच २०२३ च्या डिसेंबरात हार्वर्डने अर्ली अर्जांतले ऐंशी टक्क्यांहून जास्त अर्ज डिफर केले. येलने साधारण पाचातला एक. म्हणजे येलचं डिफर म्हणजे खरोखर पुन्हा बघायची इच्छा. हार्वर्डच्या डिफरवरून फारसं काहीच कळत नाही. तुमच्या कॉलेजचं धोरण काय आहे ते बघा आणि त्या मापानेच आशा ठेवा. एकंदरीत डिफर झालेल्यांपैकी मार्चमध्ये होकार मिळणारे थोडेच असतात. म्हणून डिफरला मी मुलांसमोर नकारासारखंच वागवते: बाकीचे अर्ज पूर्ण ताकदीने, आणि या कॉलेजसाठी वेगळं, थोडंसं, नेटकं काम.

ते काम दोन भागांचं आहे.

पहिला भाग गुणांचा. कॉलेजला मिड-इयर रिपोर्ट, म्हणजे बारावीच्या मधल्या टप्प्यावरचे गुण, लागतात. राज्य मंडळाच्या मुलांसाठी ते सत्र परीक्षेचे किंवा प्रिलिमचे गुण असतात. आपल्याकडे प्रिलिमला कोणी मोजत नाही, सगळी तयारी बोर्डाची. पण डिफर झालेल्या मुलाच्या हातात जानेवारीत दाखवायला तेवढाच नवा कागद असतो. प्रिलिम मनावर घ्या, आणि गुण लागले की ते पाठवण्याची आठवण शाळेला तुम्हीच करा.

दुसरा भाग पत्राचा. अजूनही तुमच्याकडेच यायचं आहे आणि नोव्हेंबरनंतर मी हे केलं, असं सांगणारं एक पत्र. आधी कॉलेजच्या सूचना बघा: काही ठिकाणी यासाठी ठरलेला फॉर्म असतो, एमआयटी फेब्रुवारीत स्वतःचा फॉर्म भरून घेते, काही ठिकाणी जादा काही पाठवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नको म्हटलं असेल तर पाठवू नका. पाठवायचं तर एकदाच, जानेवारीत, एका पानाच्या आत.

माझ्या भाचीच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: तुमच्या कॉलेजात शिकणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे. मी तिला विचारलं, लहानपणी तुला या कॉलेजचं नाव माहीत होतं का? नव्हतं. मग नोव्हेंबरपासून तू काय केलंस? ती म्हणाली, “विशेष काही नाही मावशी. शनिवार-रविवार गावी जाऊन विहिरींचं पाणी मोजत होते तेवढंच.”

तेच लिहायचं होतं. वाळवा तालुक्यात तिच्या काकांचा ऊस आहे आणि कृष्णाकाठच्या त्या भागात जमीन क्षारपड होण्याचा त्रास जुना आहे. तिने सहा विहिरींच्या पाण्याची क्षारता दर पंधरा दिवसांनी मोजली होती. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी दोन विहिरींचा आकडा खाली आला नव्हता, आणि त्या दोन्ही विहिरी उताराच्या खालच्या अंगाला होत्या. दुसऱ्या मसुद्यात तिने एवढंच सांगितलं, वहीतले आकडे दिले, पुढे काय तपासायचं आहे ते लिहिलं, आणि शेवटी दोन ओळींत त्या कॉलेजातल्या मृदाविज्ञानाच्या कामाचा उल्लेख केला. पत्र तीनशे शब्दांच्या आत बसलं. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी कोण आहे ते आता त्यांना दिसेल.

तुमच्याकडे विहिरी नसतील. पण नोव्हेंबर ते जानेवारीत तुम्ही काहीतरी केलंच असेल: धाकट्या भावाला गणित शिकवलं, गणपती मंडळाचा हिशेब पूर्ण करून दिला, एखादं उपकरण दुरुस्त केलं. ते आकड्यांसकट, नावागावासकट लिहा. नवीन प्रमाणपत्रं गोळा करत सुटू नका. आणि ‘डिफरचं होकारात करून देतो’ म्हणणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नका. असं करून देणारं कोणी नसतं.

भाचीला मार्चमध्ये त्या कॉलेजातून नकारच आला. ते पत्र तिने दुसऱ्या एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीच्या निबंधासाठी जवळजवळ तसंच वापरलं, आणि ती तिथे गेली.

‘हो’ आलं असेल तर

मनापासून अभिनंदन. पेढे आणा. मग पुढच्या आठवड्यात तीन कामं करा: बांधिलकीची फेरी असेल तर आर्थिक मदतीचं पत्र वाचून, आकडे जमत असल्याची खात्री करून, मगच जागा पक्की करा, जागा पक्की केली की बाकीचे अर्ज लेखी मागे घ्या, म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला मिळेल, आणि पासपोर्टची मुदत तपासा. आय-२० (कॉलेजकडून मिळणारा, व्हिसासाठी लागणारा कागद) आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची धावपळ पुढे आहे, पण पासपोर्टचं काम आत्ता होऊ शकतं. बारावीचा अभ्यास सोडू नका. होकार अंतिम गुणपत्रकावर अवलंबून असतो आणि गुण फार घसरले तर कॉलेजं प्रवेश काढून घेऊ शकतात.

आई-बाबांसाठी

हा भाग मुलांनी पालकांना वाचायला द्यावा.

निकालाची तारीख नातेवाइकांना सांगू नका. आत्या, काका, सोसायटीचा ग्रुप यांना ‘मार्चअखेर सगळं कळेल’ एवढं पुरे. नाहीतर सकाळी आठला फोन सुरू होतात आणि मूल आतल्या खोलीतून प्रत्येक वेळी तेच उत्तर ऐकत राहतं.

नकार आला तर ‘आपण आधीच सांगितलं होतं’ हे वाक्य त्या दिवशी नको. ‘जाऊ दे, त्यांचंच नुकसान’ हेही नको. ते खरं नाही हे मुलाला कळतं. जेवायला वाढा, जवळ बसा, प्रश्न विचारू नका. खर्चाचं बोलायचं असेल तर चार दिवसांनी, वही-पेन घेऊन, मुलाला शेजारी बसवून बोला. आपल्याकडे पैशांचा विषय मुलांपासून लपवायची सवय आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घराची खरी ऐपत कळली तर तो यादी शहाणपणाने करतो.

जानेवारी ते मार्च

अमेरिकेबाहेरची दारं तपासायला डिसेंबरअखेर हाच योग्य वेळ आहे. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत ऑक्टोबरातच संपते, पण बाकी विद्यापीठांसाठी यूकास या सामाईक अर्जाच्या वेबसाइटवर जानेवारीपर्यंत पाच अभ्यासक्रमांना एकाच अर्जात नाव घालता येतं. कॅनडातल्या टोरोंटो, ब्रिटिश कोलंबिया यांच्या मुदतीही जानेवारीत येतात. भारतात एमएचटी-सीईटीचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत भरले जातात, अशोका विद्यापीठ अनेक फेऱ्यांत प्रवेश देतं, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा मे महिन्यात असते. अमेरिकेच्या नादात सीईटीचा अर्ज भरायचा राहिला, असं माझ्या पाहण्यात तीनदा झालं आहे. सगळ्या तारखा एका कागदावर लिहा आणि कागद फ्रिजवर लावा.

बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली. दुसऱ्या अर्ली डिसिजनचे निकाल नेमके त्याच दिवसांत लागतात. भौतिकशास्त्राच्या पेपरच्या सकाळी पोर्टल उघडायचं नाही, हे आधीच घरात ठरवा. पासवर्ड आईकडे देऊन ठेवणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांचं बरं चाललं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात. त्यामुळे महिनाअखेर नेहमीच्या फेरीचे निकाल लागतात तेव्हा तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. त्यानंतर १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. वेटलिस्टवर नाव असेल तर ज्या कॉलेजात होकार आहे तिथली जागा १ मेच्या आत पैसे भरून पक्की करा, आणि मगच वेटलिस्टचा फॉर्म भरा.